आउटरन आणि त्याची भावंडे: इतका राग येतो, तरी पुन्हा खेळावेसे का वाटते?

फोंडेकर
नमस्कार मंडळी. गेले काही महिने रात्रीची जेवणे आटोपली की मी 'आउटरन' खेळत बसतो. सेगा कंपनीसाठी यू सुझुकी यांनी घडवलेला हा १९८६ सालचा आर्केड, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरचा गेम आहे. छत नसलेली लाल गाडी, शेजारी मैत्रीण आणि माडांच्या रांगांमधून समुद्रकाठाने पळणारा रस्ता. पहिल्या टप्प्याचे नावच 'कोकोनट बीच' असल्यामुळे आपल्याकडच्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो.

गाड्यांचा गेम असला तरी ही शर्यत नव्हे. हरवायला कोणी प्रतिस्पर्धी नाही, आहे ते फक्त घड्याळ. शेवटचा सोडून प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता दुभंगतो आणि डावीकडे जायचे की उजवीकडे, ते आपण ठरवायचे. एकूण टप्पे १५, शेवट ५, आणि एका खेळात त्यातले पाचच टप्पे पाहायला मिळतात. म्हणजे मार्ग १६ होतात.

आता राग कसला, ते सांगतो. चार टप्पे निर्वेध पार करून पाचव्यात शिरावे, एका ट्रकला निसटता धक्का लागावा, गाडीने कोलांट्या घ्याव्यात, दोघे रस्त्यावर फेकले जावेत आणि ते उठून पुन्हा गाडीत बसेपर्यंत सगळी शिल्लक वेळ संपावी. समोर शेवटची कमान जवळ आलेली असताना घड्याळ शून्यावर येते, तेव्हा रायबंदरच्या धक्क्यावर पोचता पोचता फेरीबोटीची फळी वर उचलली गेल्यासारखे होते. तरीही दुसऱ्या मिनिटाला माझा हात पुन्हा 'स्टार्ट'वर जातो.

माझे मत असे आहे की हा राग त्या गोडीचाच भाग आहे, कारण चूक कुठे झाली ते प्रत्येक वेळी स्वच्छ दिसते. मात्र असे सगळ्याच जुन्या वळणाच्या गेमांबद्दल म्हणता येत नाही. तुमचे अनुभव काय आहेत? आणि यंदा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी मुले जमतील, त्यांना यातला कुठला गेम आधी हातात द्यावा?

डिचोली_एक्सप्रेस
छान विषय, फोंडेकरबाब. आउटरनचे मूळ यंत्र मी कधी पाहिले नाही. आमच्या वाट्याला आला तो टीव्हीला जोडायचा गेम आणि त्याच्या पिवळ्या कॅसेटमधला कोनामीचा 'रोड फायटर'. मूळ १९८४ सालचा. रस्ता वरून पाहिल्यासारखा दिसतो आणि आपली गाडी ताशी ४०० किलोमीटरपर्यंत जाते. त्यात घड्याळाऐवजी इंधन असते. धडक बसली की इंधन जाते, आणि रंगीबेरंगी गाडी अंगावर घेतली की थोडे परत मिळते.

त्या गेमने मला एक गोष्ट शिकवली. धक्का लागून गाडी घसरू लागली की ती ज्या बाजूला जाते त्याच्या उलट बाजूचे बटण क्षणात दाबायचे. जमले तर गाडी सावरते, नाही तर कठड्यावर आपटून फुटते. आमच्या वाड्यावरच्या सगळ्या मुलांमध्ये ही युक्ती ज्याला जमे, त्याच्याकडे कंट्रोलर आपोआप जात असे.

तुमच्या मताशी मी सहमत आहे. तिथे समोरच्या गाड्यांचे वागणे रंगावरून कळत असे. कोणती सरळ जाणार, कोणती आडवी येणार, हे ठाऊक असूनही आपण आपटलो तर दोष आपलाच.

सावईची_शमा
एक्सप्रेस, पावसाळ्यातली वीज विसरलात का? त्या कॅसेटमध्ये कुठेच काही साठवून ठेवता येत नसे. तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचावे आणि मुसळधार पाऊस येऊन वीज जावी, की झाले. आमच्या घरी आषाढात दिवसाउजेडी खेळायचे आणि आभाळ भरून आले की शेवटचा डाव कोणाचा यावर भावाबहिणींत वाद, असा क्रम ठरलेलाच होता. तो राग गेमवर नव्हताच, तरी तो त्या गेमच्या आठवणीला कायमचा चिकटला आहे.

म्हापसेकर_नाना
ज्यांनी मूळ यंत्र पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी लिहितो. किनारपट्टीवरच्या एका पार्लरमध्ये आउटरनचे बसून खेळायचे यंत्र होते. त्या प्रकारातले मोठे यंत्र वळणावर स्वतः कलत असे आणि गाडी घासली की स्टिअरिंग हातात थरथरत असे. पायाशी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक, हाताशी दोनच गियर, लो आणि हाय.

खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर गाडीतला रेडिओ दिसतो. स्टिअरिंग फिरवून तीनपैकी एक गाणे निवडायचे: 'मॅजिकल साउंड शॉवर', 'पासिंग ब्रीझ' किंवा 'स्प्लॅश वेव्ह'. संगीत हिरोशी कावागुची यांचे. ती निवड करणारा पडद्यावरचा हात, त्याखालची चढउतार करणारी उजेडाची पट्टी आणि मग आलेली पहिली धून, यांत मला पुढच्या प्रवासाइतकाच आनंद मिळे. त्या काळी गेमचे संगीत तुम्हाला दिले जाई. ते निवडायला मिळणे हे नवल होते.

फोंडेकर, तुमच्या मताला मात्र माझा एक आक्षेप आहे. 'चूक आपली असते' हे पूर्ण खरे नाही. या यंत्राच्या आत बारीक स्विच असत आणि त्यांवरून मालक वेळ किती द्यायची आणि रस्त्यावर वाहतूक किती कठीण ठेवायची हे ठरवी. खेळणाऱ्याला त्यातले काही दिसत नसे. एका ठिकाणी सहज शेवट गाठणारा मुलगा दुसऱ्या ठिकाणी तिसऱ्या टप्प्यातच अडके आणि आपला हात आज चालत नाही असे समजून घरी जाई. नाणे लवकर संपावे ही त्या धंद्याची गरज होती आणि गेमची कठीणता त्या गरजेतून आलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

कुळागर
नानांचे म्हणणे पटले. आज आपण ज्याला 'जुन्या गेमांची शिस्त' म्हणून डोक्यावर घेतो, त्यातला बराचसा भाग गल्ल्याचा हिशेब होता.

वेर्णावाला
मी व्यवसायाने सॉफ्टवेअरचे काम करतो, त्यामुळे या गेमच्या आत काय चालते यात मला विशेष रस आहे. नानांच्या मुद्द्याकडे नंतर येतो.

आउटरनमध्ये आजच्या अर्थाने त्रिमिती काहीच नाही. रस्ता म्हणजे पडद्यावर एकाखाली एक काढलेल्या आडव्या ओळी. प्रत्येक ओळ किती रुंद आणि किती डावी-उजवीकडे सरकवायची, हे यंत्र दर क्षणी ठरवते. वरच्या, म्हणजे दूरच्या ओळी जास्त सरकवल्या की वळण दिसते. ओळी वर-खाली दाटल्या की चढउतार दिसतो. माड, पाट्या, ट्रक ही सगळी सपाट चित्रे आहेत आणि ती जवळ येतात तशी मोठी केली जातात. सेगाचे हे तंत्र 'सुपर स्केलर' नावाने प्रसिद्ध झाले आणि आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, सुझुकी यांच्या 'हँग ऑन' या मोटारसायकलच्या गेममध्ये ते दिसले होते.

याचा खेळण्यावर परिणाम होतो, म्हणून हे सांगितले. गाडी खऱ्या अर्थाने वळत नसते. वळण आले की वेग आणि वळणाची तीव्रता यांच्या प्रमाणात यंत्र तुम्हाला बाहेरच्या बाजूला ढकलते आणि तुम्ही स्टिअरिंगने त्या ढकलण्याला विरोध करता. त्यामुळे वळण सुरू झाल्यावर जागे होऊन भागत नाही. ते दिसताच आधी आतल्या कडेला जाऊन थांबायचे, म्हणजे बाहेर फेकले जायला पुरेसा रस्ता शिल्लक राहतो. फोंडेकर ज्या ट्रकबद्दल लिहितात, तो बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या पट्ट्यात असतो. तिथे आपण नेमके त्याच्याकडेच ढकलले जातो.

आता नानांचा आक्षेप. मालक वेळ कमी करू शके, हे खरे. पण ती कमी केलेली वेळ पडद्यावर सर्वांना दिसत होती. ढकलण्याचा नियम बदलत नव्हता आणि ट्रक मुद्दाम आडवाही येत नव्हता. परीक्षा कठीण करणे वेगळे आणि उत्तरपत्रिका तपासताना गुण चोरणे वेगळे.

म्हापसेकर_नाना
वेर्णावाला, उत्तर उत्तम दिलेत. तरीही ज्याच्या खिशात एकच नाणे असे, त्याला हा फरक फारसा कामाचा नव्हता.

पेडणेकर_मी
गुण चोरण्याचा विषय निघालाच आहे, तर मला मनापासून संताप आणणारी गोष्ट लिहितो. काही गेमांत मागे पडलेल्या गाड्यांना गुपचूप वेग दिला जातो आणि पुढे गेलेल्या गाड्या मंद केल्या जातात. जाणकार याला रबरबँड म्हणतात. शर्यत शेवटपर्यंत चुरशीची राहावी हा हेतू समजतो. पण तीन फेऱ्या एकही चूक न करता चालवल्यावर शेवटच्या वळणावर मागून कोणीतरी वाऱ्यासारखा निघून जातो, तेव्हा माझ्या चांगल्या चालवण्याला काहीच किंमत नव्हती हे मला कळते. पहिल्या फेरीत मी झोपून राहिलो असतो तरी निकाल तोच लागला असता. आउटरनमध्ये हे घडू शकत नाही, कारण तिथे प्रतिस्पर्धीच नाही. फोंडेकरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथेच दिसते.

डिचोली_एक्सप्रेस
पेडणेकर, शंभर टक्के सहमत.

सावईची_शमा
मी थोडी असहमत आहे. घरात लहानमोठे एकत्र खेळतात तेव्हा मागे पडणाऱ्याला थोडा हात दिला तर काय बिघडले? आठ वर्षांच्या मुलीला एकही गाडी नजरेच्या टप्प्यात दिसली नाही, तर ती कंट्रोलर खाली ठेवून अंगणात निघून जाते. माझी अट एकच आहे, की तो हात उघडपणे दिलेला असावा आणि बंद करण्याची सोय असावी.

कुळागर
आता नव्याने केलेल्या जुन्या वळणाच्या गेमांकडे येऊ. 'होरायझन चेस टर्बो' कोणी खेळले आहे का? ब्राझीलच्या अकिरिस या स्टुडिओने तो २०१८ मध्ये आणला. त्याआधी २०१५ मध्ये त्याची मोबाइलवरची आवृत्ती आली होती. त्याची मुळे १९९२ च्या 'टॉप गियर'मध्ये आहेत. सुपर निन्टेन्डो या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरचा तो गेम ब्राझीलमध्ये फार लोकप्रिय होता आणि तो खेळत वाढलेल्या लोकांनी मोठेपणी त्याला केलेला हा मानाचा मुजरा आहे. टॉप गियरचे संगीतकार बॅरी लीच यांनाच त्यांनी नव्या गेमचे संगीत करायला बोलावले. ज्या सुरांवर लहानपण गेले, ते सूर त्याच माणसाकडून पुन्हा मागून घेण्यात मला मोठी कृतज्ञता दिसते.

खेळायला तो सोपा वाटतो, पण तसा नाही. सुरुवात सगळ्यांच्या मागून होते. रस्त्यावर नाणी आणि इंधनाचे डबे पडलेले असतात आणि क्षणभर वेग वाढवणारा नायट्रो मोजकाच असतो. पहिला क्रमांक आणि वाटेतली सगळी नाणी, दोन्ही साधले तरच मोठा चषक मिळतो. इथे माझी तक्रार आहे. समोरच्या गाडीला मागून टेकलात की तिला पुढे ढकलले जाते आणि तुमचा वेग मात्र एकदम पडतो. नाणे नेमके त्या गाडीच्या मागे असते. एका बाजूला नाणे खुणावते, दुसऱ्या बाजूला क्रमांक हातचा जातो. शेवटचे एकच नाणे राहून पहिला क्रमांक आला, की जिंकूनही हरल्यासारखे वाटते.

वेर्णावाला
कुळागर, मूळ टॉप गियरमध्येही मागून धडकले की हीच गत होत असे, म्हणजे त्यांनी दोषासकट वारसा जपला आहे. त्या जुन्या गेमचा आणखी एक विशेष आठवतो. एकटे खेळत असलात तरी पडदा कायम दोन भागांत विभागलेला असे आणि खालच्या अर्ध्यात यंत्राची गाडी धावत असे. ८ प्रदेशांतल्या ३२ शर्यती होत्या, त्यांतल्या लांब शर्यतींत इंधन भरायला पिटमध्ये जावे लागे, आणि इंधनाकडे लक्ष न देणारा शेवटच्या फेरीत रस्त्यातच उभा राही.

सत्तरीकर_आई
मी स्वतः फार खेळत नाही, पण आमच्या घरात हा वाद रोज ऐकू येतो, म्हणून लिहिते. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. वडिलांनी त्याला आउटरन दाखवला तेव्हा त्याने विचारले, "यात दुसरी गाडी कधी मिळते?" मिळत नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला. त्याला इंजिन बदलणे, टायर निवडणे, गाडी हळूहळू बलवान होत जाणे आवडते. त्याच्या दृष्टीने ज्या गेममध्ये शंभर वेळा खेळूनही काही साठत नाही, तो गेम वेळ फुकट घालवणारा आहे. इथल्या सर्वांना माझा प्रश्न आहे, की त्याचे म्हणणे चुकीचे कसे?

फोंडेकर
ताई, प्रश्न फार मोलाचा आहे आणि मुलाचे म्हणणे मी चुकीचे मानत नाही. मला दिसणारी दुसरी बाजू तेवढी मांडतो. आउटरनमध्ये गाडी पहिल्या दिवशी ताशी २९३ किलोमीटर जाते आणि वर्षभराने खेळलात तरी २९३ च. जे वाढते, ते तुमच्यात वाढते. ज्या गेममध्ये गाडी बलवान होत जाते, तिथे मी जिंकलो की माझी गाडी जिंकली, हे मला नीट सांगता येत नाही. इथे तो संशय उरत नाही. मुलाला हे आज पटणार नाही आणि पटावे असा आग्रहही नाही. पण त्याच्या वडिलांनी त्याच्यासमोर बसून एकदा शेवटपर्यंत खेळून दाखवावे, असे मला वाटते. पाहताना बऱ्याचदा गोडी लागते.

म्हापसेकर_नाना
फोंडेकरांच्या या उत्तराला पूरक एक गोष्ट. आउटरनमध्ये साठते ते ज्ञान. जपानी खेळाडूंनी शोधून काढलेली एक युक्ती प्रसिद्ध आहे: गियर पटकन हायमधून लोमध्ये आणि पुन्हा हायमध्ये टाकला, तर गाडी रस्त्याबाहेर गवतावर गेली तरी वेग पडत नाही. ही युक्ती कळली की ज्या वळणावर जीव मुठीत धरून ब्रेक दाबत होता, तेच वळण गवतावरून कापता येते. इतक्या वर्षांनंतरही लोक त्या एका युक्तीवर मेहनत घेऊन वेळ कमी करत आहेत. ताई, हे मुलाला जरूर दाखवा. गाडी बदलता येत नाही म्हटल्यावर माणसाने काय काय शोधून काढले, याचे त्याला कुतूहल वाटेल.

पेडणेकर_मी
नाना, ही युक्ती मला पटत नाही. गवतावर गाडी मंदावली पाहिजे, हा त्या गेमचा उघड नियम आहे. यंत्रातल्या फटीचा फायदा घेऊन मिळवलेली वेळ मी माझ्या वहीत लिहीत नाही.

म्हापसेकर_नाना
तुमच्या वहीचा मी आदर करतो. दोन्ही तऱ्हांनी खेळावे, दोन्हींच्या वेळा वेगळ्या लिहाव्यात.

डिचोली_एक्सप्रेस
आउटरन आज रीतसर विकत घ्यायचा असेल, तर कोणती आवृत्ती घ्यावी? आणि गाडीवरून काही वाद झाला होता असे ऐकले होते, ते खरे का?

वेर्णावाला
वाद म्हणण्यापेक्षा परवान्याचा प्रश्न होता. मूळ गेममधली गाडी फेरारी टेस्टारोसासारखी आहे हे कोणीही ओळखेल, पण १९८६ मध्ये त्यासाठी परवाना घेतलेला नव्हता. २००३ च्या 'आउटरन २' पासून फेरारीच्या गाड्या रीतसर घेतल्या गेल्या, आणि तिथूनच अडचण सुरू झाली. परवाना संपला की गेम दुकानातून जातो. २००९ ची 'आउटरन ऑनलाइन आर्केड' अशीच विक्रीतून काढली गेली. निन्टेन्डो स्विच या गेमयंत्रावरच्या 'सेगा एजेस' या जुन्या गेमांच्या मालिकेत मूळ आउटरन आला, पण त्यात गाडीच्या चित्रात बदल केले आहेत. खेळताना फरक जाणवत नाही, त्यामुळे ती आवृत्ती मी निःशंकपणे सुचवतो.

मला याचे मनापासून वाईट वाटते. एखादा गेम कंटाळवाणा झाला म्हणून विस्मरणात जाणे समजू शकते. कागदावरची मुदत संपली म्हणून तो नव्या पिढीला मिळूच नये, हा मात्र अन्याय आहे.

आणखी एक व्यवहाराची सूचना. आजच्या बऱ्याच टीव्हींमध्ये चित्रावर संस्कार करण्यात क्षणभर वेळ जातो आणि बटण दाबल्यानंतर गाडी किंचित उशिरा हलते. जुन्या काचेच्या टीव्हीवर हा उशीर नव्हता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो आधी सुरू करा. 'पूर्वी मला जमायचे, आता जमत नाही' असे म्हणणाऱ्या अनेकांचे दुखणे एवढ्याने बरे होते.

फोंडेकर
वेर्णावाला, गेम मोड आत्ताच लावून पाहिला. फरक स्पष्ट आहे. मनापासून आभार.

सावईची_शमा
आता मूळ प्रश्नाकडे वळू, कारण चवथ तोंडावर आली आहे. आमच्या मुळच्या घरी गेल्या चवथीला चुलत-मावस भावंडांनी होरायझन चेस लावला होता. पडदा चौघांत विभागता येतो. आरती, जेवणे उरकली, गणपतीवर बांधलेल्या माटोळीखालचा पसारा आवरला आणि मुले बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर दाटीवाटीने बसली. माझ्या भाचीचे इंधन संपत आले होते आणि रस्त्यावर एकच डबा दिसत होता. तिच्या दादाकडे इंधन भरपूर होते, तरी त्याने तो डबा उचलला. मग जो गलका झाला, तो ऐकून स्वयंपाकघरातून आजी बाहेर आली आणि तिने निवाडा दिला की ज्याची टाकी भरलेली आहे त्याने डबा सोडायचा. तो नियम गेममध्ये नाही, पण आमच्या घरी तेव्हापासून लागू आहे. हरलेल्या प्रत्येकाला पुढच्या डावाची घाई होती, एवढे मात्र मी पाहिले.

तेव्हा मुलांचा घोळका असेल तर होरायझन चेस. आउटरन हा एका वेळी एकाचाच खेळ आहे.

कुळागर
शमाताईंशी सहमत. फक्त पहिल्या दिवशी मुलांना मोठ्या चषकाबद्दल सांगू नका. आधी वेगाची मजा घेऊ द्या.

सत्तरीकर_आई
नानांनी सांगितलेली गियरची युक्ती काल मुलाला दाखवली. त्याला ती अजून जमलेली नाही, पण त्यासाठी तो आउटरन लावून बसला आहे आणि दुसरी गाडी कधी मिळते, हे त्याने पुन्हा विचारलेले नाही. पेडणेकरांचा आक्षेपही त्याला वाचून दाखवला. त्याच्या मते आधी युक्ती जमली पाहिजे, मग ती वापरायची की नाही हे ठरवता येईल.

पेडणेकर_मी
मुलगा नीट विचार करतो आहे. त्याला माझा नमस्कार सांगा.

फोंडेकर
सर्वांचे आभार. ठरले ते असे: चवथीच्या पहिल्या दिवशी होरायझन चेस, चौघांत विभागलेल्या पडद्यावर, आणि आजीचा इंधनाचा नियम आमच्याकडेही लागू. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुले उठण्याआधी, मी आउटरन लावून ठेवणार आहे. त्यात वेळेचे सेटिंग सुरुवातीला सोपे ठेवीन, पण नानांचा आक्षेप लक्षात घेऊन ते सोपे ठेवले आहे हे मुलांना आधीच सांगेन.

वेर्णावाला, एक शंका उरली आहे. पाचव्या टप्प्यातल्या त्या ट्रकजवळ वेग किती कमी करावा? मी ब्रेक दाबतो तेव्हा फार वेळ जातो.

वेर्णावाला
ब्रेक दाबू नका, ॲक्सिलरेटर क्षणभर सोडा. वेग थोडा उतरला की बाहेर ढकलले जाणेही तेवढेच कमी होते आणि ट्रकच्या आतल्या बाजूने वाट मिळते. ट्रक मागे पडला की लगेच पुन्हा पूर्ण दाबा.


फोंडेकर
आज रात्री करून पाहतो आणि कुठला शेवट गाठला ते इथेच लिहितो.